पावणेसहा किलो

'हे अमेरिकेतल्या कशासारखं आहे?' हा प्रश्न मला बंगळूरमध्ये इतक्या वेळा विचारला गेला, की एकदा चिडून मी 'आमच्या साताऱ्याच्या अंगणवाडीसारखं' असं उत्तर दिलं होतं. समोरचे दोघे गुंतवणूकदार मोकळेपणाने हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. आठवड्याने त्यांचं मेल आलं, तुमचं काम फार इन्स्पायरिंग आहे, संपर्कात राहू. संपर्कात राहू म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या घरी त्याला 'बघू' म्हणत. सहलीला जाऊ का विचारलं की वडील पेपरातून डोकं न काढता 'बघू' म्हणायचे, आणि आम्ही भावंडं मुकाट्याने अभ्यासाला बसायचो. बंगळूरमध्ये हे 'बघू' फक्त इंग्रजीत येतं आणि सोबत कॉफी मिळते.

आमचं काम सांगायला सोपं होतं. अंगणवाडीतली सेविका दर महिन्याला मुलांची वजनं घेते. एका हाताने रडणारं मूल सावरायचं, दुसऱ्या हाताने काटा स्थिर धरायचा आणि मग मोबाइलवर आकडे टाइप करायचे. त्यासाठी तिसरा हात लागतो. आम्ही म्हटलं, टाइप करूच नका, नुसतं बोला. मुलाचं नाव सांगा, वजन सांगा. फोन ऐकेल, लिहून ठेवेल, आणि वयाच्या मानाने वजन फारच कमी असेल तर त्या मुलाचं नाव लाल यादीत टाकेल. साताऱ्याच्या डोंगराळ भागात काम करणारी एक संस्था होती. लाल यादीतल्या मुलांच्या घरी ती जादा आहाराची पाकिटं पोचवायची. त्या संस्थेने वर्षभर हो-नाही करून शेवटी आम्हाला काही गावं दिली.

एवढंच होतं आमच्याकडे. ती गावं, आणि एचएसआर लेआउटमध्ये एका घराच्या पहिल्या मजल्यावरची खोली. खोलीत आम्ही तिघं. मी पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या कंपन्यांत घालवून बाहेर पडलेली. माझा भागीदार धारवाडचा, आधीच्या नोकरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी मला अक्का म्हणायचा. आणि तिसरी पुण्याची मुलगी, पंचविशीची, संगणकाच्या बाबतीत आम्हा दोघांना मिळून भारी पडेल अशी. तिच्याआधी चौघं येऊन गेले होते. येत, सात-आठ महिने आमच्याकडे शिकत, आणि रिंग रोडवरच्या एखाद्या मोठ्या कंपनीत निघून जात. जाताना केक आणत. भागीदार म्हणायचा, आपण कंपनी चालवत नाही अक्का, क्लास चालवतो, आणि फीसुद्धा आपणच भरतो.

मला इथल्या 'इकोसिस्टीम' या शब्दाचा मनापासून वीट आला आहे. दर महिन्याला कुठेतरी परिसंवाद असतो. 'भारतीय भाषा आणि तंत्रज्ञान' अशा विषयावर मी तीनदा बोलले आहे, तिन्ही वेळा इंग्रजीत. एकदा तर अख्ख्या दिवसभरात सभागृहात भारतीय भाषेतलं एकच वाक्य माझ्या कानावर पडलं. कॉफीवाल्या अण्णांनी विचारलं होतं, 'सक्करे स्वल्प साका?' साखर थोडी चालेल का, एवढंच. बाकी सगळे पुढचे शंभर कोटी लोक इंटरनेटवर कसे येणार याबद्दल बोलत होते. ते लोक काय बोलतात, हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता.

आवाज ओळखणारी यंत्रणा आम्ही स्वतः बनवू शकत नव्हतो. ती बाहेरच्या एका बड्या कंपनीकडून घेतलेली. त्यांच्या यादीत मराठी होतं. पण ते मराठी म्हणजे हिंदीला ठिकठिकाणी 'ळ' लावून दिलेलं. पहिल्याच चाचणीत मी फोनवर 'पावणेसहा किलो' म्हटलं आणि पडद्यावर उमटलं, 'पाहुणे सहा किलो'. आम्ही दिवसभर हसलो. भागीदाराला पाहुणे म्हणजे काय ते समजावून सांगितल्यावर तो दर अर्ध्या तासाने 'सहा पाहुणे आले, कॉफी ठेवा' म्हणायचा. बड्या कंपनीला मी कळवलं. उत्तर आलं, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. तिथेही बघू.

शेवटी पुण्याच्या मुलीने एका दुपारी तो प्रश्न सोडवला. आकड्याच्या आधी 'पाहुणे' आलं तर ते 'पावणे' समजायचं, आणि मग एक छोटासा तक्ता. तिने तो मला छापून दाखवला. सव्वा, पॉइंट पंचवीस. साडे, पॉइंट पन्नास. पावणे, पॉइंट पंचाहत्तर. पुढचा आकडा घ्यायचा आणि त्यात हे मिळवायचं. भागीदाराने त्याच्या कन्नडशी ताडून पाहिलं. त्यांच्यात पाऊण म्हणजे मुक्कालु, आणि आरू मुक्कालु म्हणजे सहा आणि पाऊण. म्हणाला, 'सरी इदे अक्का.' बरोबर आहे. मीही पाहिलं आणि खाली सही केली. पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर. किती नेटका दिसत होता तो रकाना! मी फोनवर पुन्हा 'पावणेसहा किलो' म्हटलं. पाहुणे गेले होते आणि आकडा आला होता. यातच मी खूश झाले. कोणता आकडा आला, ते मी पाहिलं नाही.

साताऱ्याच्या शाळेत चौथीपर्यंत पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकीचे पाढे घोकलेली बाई मी. आणि मी ते पाहिलं नाही. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पंधरा वर्षांत मला कुणी वेळ विचारली की मी 'वन फॉर्टी-फाइव्ह' म्हणत आले. पावणे हा शब्द माझ्या तोंडून कधी गळून गेला, मला कळलंही नाही.

गावांतून आकडे येऊ लागले. आधीच्या महिन्याची वजनं सेविकांच्या रजिस्टरमधून घेतली होती. ती त्यांनी हाताने लिहिलेली, पाच पॉइंट सहा वगैरे. पुढच्या महिन्याची बोलून आली. दोन्ही शेजारी ठेवली तर लाल यादीतली कितीतरी मुलं एका महिन्यात यादीबाहेर गेलेली. त्याच्या पुढच्या महिन्यात बरीचशी बाहेरच राहिलेली. आम्हाला कारणही लगेच सापडलं. नोंद सोपी झाली, सेविकेला मुलाकडे बघायला वेळ मिळाला, आयांशी बोलणं वाढलं, मुलं सुधारली. भागीदाराने लाल रंग ओसरत जाणारा आलेख केला. आपल्याला जे हवं असतं त्याची कारणं किती झटपट सुचतात! मला तर डोळ्यांत पाणी आलं होतं तो आलेख पाहून.

तो आलेख घेऊन आम्ही बेळ्ळंदूरला एका गुंतवणूकदाराकडे गेलो. अमेरिकेत बरीच वर्षं काढून परतलेला गृहस्थ, उंच इमारतीतलं ऑफिस, खाली सांडपाण्याने नासलेलं तळं. तळ्याचा वास वरपर्यंत येत नाही, हे मला तिथे बसल्यावर कळलं. अमेरिकेचा प्रश्न न विचारणारा तो पहिलाच. आलेखाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, 'धिस इज द हेडलाइन.' दोन दिवसांनी त्याचा होकार आला. कागदपत्रं व्हायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर आणखी दोन गुंतवणूकदारांना तो स्वतः आमच्याबद्दल सांगेल, असं म्हणाला. चार वर्षांतला पहिला होकार. भागीदाराने खालच्या दुकानातून म्हैसूरपाक आणला. 'नोडोणा, नोडोणा ऐकून कान किटले होते, अक्का,' तो म्हणाला. नोडोणा म्हणजे त्यांच्याकडचं बघू.

त्यानंतर आठवडा गेला असेल. दुपारी, जेवणाचे डबे अजून टेबलावर होते, तेव्हा एका सेविकाताईंचा फोन आला. मी त्यांना एकदाच, फोन द्यायला गेले तेव्हा भेटले होते. पन्नाशीच्या, कडक आवाजाच्या, मुलांना काट्यावर बसवताना त्यांच्याशी भांडल्यासारखं बोलणाऱ्या.

'मॅडम, एक विचारू का? तुमच्या फोनात काय खायला घालता का पोरांना?'

'म्हणजे काय, ताई?'

'म्हणजे इथं काट्यावर पोर पावणेसहा भरतंय आणि तुमच्यात गेलं की किलोभर वाढतंय. माझ्या वहीत पाच पॉइंट पंचाहत्तर हाय. सुपरवायझर बाईंनी यादी दावली, त्यात सहा पॉइंट पंचाहत्तर. दोन म्हैनं झालं. दहा म्हैन्याची होती तवापास्नं लाल यादीत नाव न्हाई त्या पोरीचं. पाकीट येईना. मी म्हटलं बाईंना, तर म्हणत्यात, मशीन कसं चुकंल?'

मी पुढचं फारसं ऐकलं नाही. बघते, लगेच बघते, असं म्हणून फोन ठेवला. मग पुण्याच्या मुलीकडे वळून विचारलं, 'पावणेसहा म्हणजे किती गं?'

'सिक्स पॉइंट सेवन फाइव्ह,' ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली.

'आणि घड्याळात पावणेसहा वाजले म्हणजे?'

'फाइव्ह फॉर्टी-फाइव्ह.' आणि मग तिचे हात थांबले. 'ओह.'

तिला घड्याळातलं पावणे माहीत होतं, आईच्या तोंडचं. वजनातलं, मापातलं ती शाळेत कधी शिकलीच नव्हती. तिची शाळा इंग्रजी. ती रडायला लागली. मला तिच्यावर ओरडता येईना, कारण तक्त्याखाली सही माझी होती. मराठीत पावणेसहा म्हणजे सहाला पाव कमी. सव्वा आणि साडे पुढे जातात, पावणे मागे येतं. हे कुणाच्याही आजीला झोपेत माहीत असतं. आणि भारतीय भाषांवरचे तीन परिसंवाद गाजवून आलेल्या मला तो नेटका रकाना खरा वाटला होता.

आम्ही तिघांनी संध्याकाळपर्यंत सगळी रेकॉर्डिंग्ज ऐकली. ऐकायला मी पहिल्यांदाच बसले होते, हेही इथे लिहून टाकते. पावणेसात. पावणेआठ. मागे मुलं रडताहेत, कुणीतरी भांडं आपटतंय, आणि ताई स्वच्छ, ठणठणीत आवाजात सांगताहेत, पावणेसहा. त्यांची काहीच चूक नव्हती. पावणे असलेली प्रत्येक नोंद किलोने फुगलेली होती. तो जादा किलो काढून आलेख पुन्हा केला. लाल रंग जिथे होता तिथेच राहिला. मुलं सुधारली नव्हती, आमच्यामुळे तर मुळीच नव्हती.

भागीदाराने जुना आलेख पुन्हा उघडला. मग म्हणाला, 'तक्ता आजच दुरुस्त करू. गुंतवणूकदाराला सांगायला हवंच का? दोन आठवडे थांबलो तर? पैसे आले की चांगली माणसं घेता येतील, अशी चूक पुन्हा होणार नाही.' त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं. मी रात्रभर तेच स्वतःला सांगून पाहिलं. पण तो होकार आलेखाला होता आणि आलेख खोटा होता. आणि संस्थेला आज कळवलं नाही, तर पुढच्या पाकिटांच्या यादीतही त्या मुलीचं नाव येणार नव्हतं. संस्थेला कळवलं की गुंतवणूकदाराच्या कानावर ते जाणारच. दोन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच बेळ्ळंदूरला निघाले. एचएसआरपासून चालत गेले असते तर बरं, असं रिक्षात तासभर बसल्यावर वाटलं. रिक्षावाले अण्णा सिग्नलला इंजिन बंद करून आरामात पानपट्टी खात होते. मी मनातल्या मनात बोलण्याची तयारी करत होते आणि प्रत्येक वाक्य दोषी माणसाचं वाटत होतं.

गुंतवणूकदाराने शांतपणे ऐकून घेतलं. मी फळ्यावर पावणे लिहून दाखवलं. तो म्हणाला, 'इंटरेस्टिंग.' मग म्हणाला, 'पण डायरेक्शनली तर बरोबर आहे ना?'

मला आधी कळेचना तो काय विचारतोय. 'दिशाच चूक आहे,' मी म्हटलं. 'जिथे अधिक केलं तिथे वजा करायचं होतं.'

'आय मीन, प्रॉडक्ट चालतंय. सेविका वापरताहेत. बग होता, फिक्स झाला. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं.' त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली आणि हिंदीवर आला. 'हे बघा, आधी पैशांचा राउंड क्लोज होऊ द्या. बाकी दोघांना मी तो चार्ट पाठवलाय. आत्ता करेक्शन पाठवलं तर मेसेज कन्फ्यूज होतो. संस्थेला दोन आठवड्यांनी सांगा.'

'दोन आठवड्यांत पाकिटांची पुढची यादी निघते.'

'यू आर टू क्लोज टू इट,' तो म्हणाला. त्याचा आवाज खरंच सहानुभूतीचा होता, याचाच मला जास्त राग आला. चार वर्षं या शहराने मला सांगितलं होतं की मी आकड्यांच्या पुरेशी जवळ नाही, मला भावना आहेत पण मेट्रिक्स नाहीत. आता एक आकडा आणला तर तो खोटा निघाला, आणि खोटा निघाल्यावर मी फार जवळ गेले म्हणे. मी भांडले. माझा आवाज चढला, काचेपलीकडे बसलेली माणसं वळून बघायला लागली. मी म्हटलं, वर्षाच्या मुलीचं वजन डायरेक्शनली नसतं. तो म्हणाला, आपण दोघंही जरा विचार करू.

लिफ्टने खाली आले आणि लॉबीतल्या सोफ्यावर बसून फोनवरूनच संस्थेला मेल लिहिलं. मराठीत लिहिलं. काय चुकलं, कोणत्या नोंदी चुकल्या, कोणत्या मुलांची नावं लाल यादीत हवी होती, सगळं. शेवटी माझं नाव आणि 'चूक माझी आहे'. पाठवलं. मग बाहेर येऊन तळ्याच्या बाजूला उभी राहिले तर वास थेट नाकात शिरला. तेवढ्यात रिक्षा मिळाली.

त्या रात्री गुंतवणूकदाराला दुरुस्त केलेला आलेखही पाठवला. त्याचं उत्तर आठवड्याने आलं. तुमच्या प्रामाणिकपणाचा फार आदर वाटतो, सध्या थांबतो आहोत, संपर्कात राहू. मी ते मेल भागीदाराला वाचून दाखवलं. तो खिडकीपाशी उभा होता. 'अक्का, नीवु हेळोदु सरी,' तो म्हणाला. तुम्ही म्हणता ते बरोबर. 'आदरे...' आणि पुढचं बोललाच नाही. ते 'पण' मला अजून ऐकू येतं. महिन्याभरात त्याने हेब्बाळच्या एका टेक पार्कमध्ये नोकरी धरली. त्याला घर होतं, शाळेत जाणारी मुलं होती, मी काय अडवणार? तोही केक घेऊन आला होता. पुण्याची मुलगी मात्र अजून आहे. तिने तक्ता काढून टाकून पाऊणकी, सव्वाकी, साडेतीनच्या औटकीसकट सगळं नव्याने लिहिलं आहे, आणि दर शनिवारी आईशी फोनवर मापांत बोलते.

संस्थेने आमचं काम थांबवलं. त्यांचं बरोबरच होतं. त्या एकाच सेविकाताईंनी फोन परत द्यायला नकार दिला. 'हात मोकळा ऱ्हातो म्हून ठेवते, वहीत बी लिहिते,' असं त्यांनी सांगितलं म्हणे. म्हणून आता आमच्याकडे एक अंगणवाडी आहे. मला कुणी विचारलं, किती युजर्स, तर मी एक म्हणते आणि समोरच्याचं तोंड बघते.

परवा वजनांचा दिवस होता. नोंदी आल्या तशी मी एकेक रेकॉर्डिंग ऐकत गेले आणि शेजारचा आकडा तपासत गेले. ती मुलगी आता तेरा महिन्यांची झाली आहे. ताईंचा आवाज, पावणेसहा. पडद्यावर, पाच पॉइंट पंचाहत्तर. लाल. मी लगेच ताईंना फोन लावला. काय ऐकायच्या आशेने लावला, कुणास ठाऊक. म्हटलं, ताई, आता आकडा बरोबर येतोय ना?

'येतोय की, मॅडम,' त्या म्हणाल्या. मागे कुणीतरी रडत होतं, बहुतेक तीच. 'आकडा बराबर येतोय. पाकीट बी गेल्या हप्त्यापास्नं यायला लागलंय. पोर तेवढंच हाय.'